मेन्स्ट्रुअल कप दोनदा लावून पाहिला, जमत नाही. सोडून देऊ का?

तुझ्या प्रश्नातल्या एका वाक्यापाशी मी थांबले. 'आत गेला आणि निघालाच नाही तर, या विचारानेच हात थरथरतो' असं तू लिहिलंस. बाकीच्या अडचणीही खऱ्याच आहेत. कप, म्हणजे योनीमार्गात बसवून पाळीचं रक्त गोळा करणारी मऊ छोटी वाटी, आत उघडत नाही, दुसऱ्या दिवशी डाग पडला, तळाची दांडी टोचते, होस्टेलवर दहा मुलींत दोन संडास, आणि आईचं म्हणणं की लग्नाआधी असलं काही आत घालू नये. पण मला वाटतं, निम्म्या अडचणी त्या एका भीतीतून आल्यात, म्हणून आधी तिच्याबद्दल बोलते. तू चोवीस वर्षांची आहेस, मी अडतीस, म्हणून अरेतुरे करते.

मी डॉक्टर नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. नागपूरच्या मानेवाड्याहून उमरेड तालुक्यातल्या एका गावात रोज एसटीने जाणं-येणं. 2021 च्या दिवाळीपासून कप वापरते आहे.

माझ्या पहिल्या वेळी कप आत सहज गेला. संध्याकाळभर काही जाणवलं नाही, मला वाटलं जमलं. रात्री साडेदहाला काढायला बसले तर दांडी बोटाला लागेना. पाच मिनिटं, दहा मिनिटं. घाम फुटला. नवरा बाहेरून विचारतो आहे काय झालं, आणि माझ्या तोंडून शब्द निघत नाही. शेवटी नणंदेला फोन लावला. ती ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. तिने आधी मला रडू दिलं आणि मग म्हणाली, "काऊन घाबरून राहिल्या वहिनी? आतून रस्ता बंद आहे. कुठं जाईन तो?"

हे अक्षरशः खरं आहे. योनीमार्ग म्हणजे बोटभर लांबीची एक पिशवी समज. तिच्या वरच्या टोकाला गर्भाशयाचं तोंड असतं आणि त्याचं छिद्र इतकं बारीक की तिथून रक्त झिरपतं, कप जाऊच शकत नाही. तो हरवायला जागाच नाही. फार तर थोडा वर सरकतो आणि थोड्या वेळाने परत खाली येतो. तो वर का सरकला? मी घाबरून स्नायू आवळून धरले होते म्हणून. नणंदेने सांगितलं तसं मी पाणी प्यायले, पंधरा मिनिटं पडून राहिले, मग उकिडवी बसले आणि संडासला लावतो तसा हलका जोर खाली लावला. तिसऱ्या जोराला कपाचा तळ बोटाला लागला.

उकिडवं बसणं ही आपली जमेची बाजू आहे. भारतीय संडासावर बसायची सवय असल्यामुळे आपल्याला ही बैठक कुणी शिकवावी लागत नाही. या बैठकीत मार्ग आखूड होतो आणि कप आपोआप खाली येतो. उभं राहून, एक पाय बादलीवर ठेवून प्रयत्न करत असशील तर ते सोड.

आता काढण्याबद्दल. घालण्यापेक्षा आधी हे शीक असं मी म्हणेन, कारण काढता येतं ही खात्री झाली की घालताना शरीर आवळत नाही. दांडी धरून ओढायचं नाही. कपाचा काठ आतल्या भिंतीला चिकटून हवा धरून बसलेला असतो, तसाच ओढला तर दुखतं. दांडीचा उपयोग तळापर्यंत पोचण्यापुरता. अंगठा आणि पहिलं बोट तळाशी नेऊन तो चिमटायचा. कधी बारीकसा पचकन आवाज येतो, ती हवा सुटल्याची खूण. मग किंचित डावी-उजवीकडे हलवत, काठाची एक बाजू आधी बाहेर काढून, बाकीचा सरळ धरून काढायचा. पहिल्या चार-पाच वेळा हात माखेल. आपलंच रक्त आहे, पाण्याने जातं.

सराव पाळी चालू असतानाच कर. काहीजणी कोरड्या दिवसांत सराव सांगतात, मला ते पटत नाही. कोरडेपणात घासतं, दुखतं आणि मन आणखी धास्तावतं. जास्त अंगावरून जातं त्या दिवशी मार्ग ओला असतो. तरी अडलं तर कप पाण्याने ओला कर, किंवा मेडिकलमधून पाण्याचा बेस असलेलं जेल आण. खोबरेल तेल नको.

घालताना तुझी कुठे चूक होत असावी ते सांगते. तू इंग्रजी सी सारखी घडी घालतेस असं लिहिलंस. ती घडी तोंडाशी जाड होते, नवशिकीला अवघड जाते. त्याऐवजी काठाचा एकच भाग बोटाने आत दाब, तळाकडे. टोक निमुळतं होतं. दुसरी गोष्ट दिशेची. आपल्याला वाटतं मार्ग सरळ वर जातो. तो मागे, माकडहाडाकडे झुकलेला असतो. वर ढकलला की कप हाडाला अडतो आणि आपण समजतो की आपलीच रचना वेगळी आहे. मागे ढकल. आत गेल्यावर तळाभोवती बोट फिरवून बघ. गोल लागला तर उघडला. खोच लागली तर तळ धरून थोडा फिरव किंवा अर्धा बोटभर खाली ओढून सोड.

डाग पडला याचं कारण बहुतेक तीच खोच. दुसरं कारण असं असतं की गर्भाशयाचं तोंड कपाच्या बाजूला राहतं, कपात येत नाही. पाळीच्या दिवसांत एकदा स्वच्छ धुतलेल्या बोटाने ते चाचपून बघ. नाकाच्या शेंड्यासारखं कडक लागतं. बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंतच लागलं तर तुझं तोंड खाली आहे, तुला बुटका कप लागेल. ज्यांना बाळंतपण झालेलं नाही त्यांना सहसा लहान आकार सांगतात. फार मऊ कप असेल तर तो नीट उघडत नाही, हेही एक कारण असू शकतं. दोन पाळ्या कपासोबत पॅड लाव. मीही लावलं. दुसऱ्या महिन्यात शाळेत पाचवीच्या वर्गावर माझ्या साडीला डाग पडला होता, तिसऱ्या महिन्यापासून एकदाही नाही.

2019 मध्ये द लॅन्सेट पब्लिक हेल्थ या नियतकालिकात जगभरच्या 43 अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता, सुमारे 3,300 स्त्रिया आणि मुलींचा. गळती पॅड किंवा टॅम्पॉनइतकीच (आत घालायचा कापसाचा बोळा) किंवा कमी, संसर्गाचा धोका वाढलेला दिसला नाही, आणि सवय झाल्यावर सुमारे 70 टक्के जणींना कपच पुढे चालू ठेवायचा होता. 'सवय झाल्यावर' हे शब्द लक्षात ठेव. तुझे तर अजून दोनच प्रयत्न झालेत.

आईच्या म्हणण्यावर मी जास्त वेळ देते, कारण माझ्या शाळेतल्या आठवीच्या मुलींच्या आयाही हेच विचारतात. योनीपटल म्हणजे दाराला लावलेला पडदा नव्हे. ते कडेने असलेलं लवचीक कातडं आहे, त्याला आधीच मोकळी जागा असते, नाहीतर पाळीचं रक्त बाहेर कसं आलं असतं? सायकल, कबड्डी, पळणं यानेही ते ताणतं, कधी फाटतं. कपानेही ताणू शकतं, हे मी लपवणार नाही. पण त्यावरून कुणाच्या लैंगिक संबंधांबद्दल काहीही ठरवता येत नाही. आपल्याच शेजारी, सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले न्यायवैद्यकाचे प्राध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी कौमार्याच्या तथाकथित खुणा अशास्त्रीय आहेत म्हणून अभ्यासक्रमातून काढाव्यात असा पाठपुरावा केला, आणि 2019 मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने तो विषय एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातून वगळायचा निर्णय घेतला. म्हणजे डॉक्टर होणाऱ्या मुलांनाही जे शिकवायचं नाही असं ठरलं, त्यावर आपल्या घरातल्या मुलींची परीक्षा का घ्यावी? आईशी भांडू नकोस. तिला हेच सांगून बघ. नाही पटलं तर राहू दे, शरीर तुझं आहे.

होस्टेलचं म्हणशील तर कप तिथे पॅडपेक्षा सोयीचा आहे. जास्तीत जास्त बारा तास ठेवता येतो. सकाळी आंघोळीला आणि संध्याकाळी परत आल्यावर, असं दोनदा केलंस की मधे रांगेत उभं राहायचं कारण नाही. जास्त जाणाऱ्या दिवशी मधे एकदा रिकामा करावा लागेल, तेव्हा पाण्याची बाटली आत ने. आधी हात साबणाने धू, कप संडासात रिकामा कर, बाटलीच्या पाण्याने विसळ. सुगंधी साबण किंवा डेटॉल कपाला लावू नकोस, आतली कातडी जळजळते. पाळी सुरू व्हायच्या आधी आणि संपल्यावर छोट्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन पाच मिनिटं उकळ. पाणी आटून कप तळाला चिकटला तर खराब होतो, म्हणून तिथून हलू नकोस. पातेलं वेगळं ठेव. माझ्या सासूबाईंनी त्यासाठी स्वतःहून एक जुनं स्टीलचं गंज, म्हणजे पातेलं, काढून दिलं, मला ते फार भिडलं मनाला. सुकल्यावर सुती पिशवीत ठेव, हवाबंद डबीत नको.

कपामुळे मला जे कळलं ते पॅडने कधीच कळलं नसतं. माझा कप 25 मिलीचा आहे, आतून खुणा आहेत. 2022 मध्ये एका पाळीच्या दुसऱ्या दिवशी तो चार वेळा काठोकाठ भरला. एका दिवसात 100 मिली. अख्ख्या पाळीत 80 मिलीच्या वर गेलं तर ते जास्त समजतात. वर्षानुवर्षं मी 'मला जरा जास्तच जातं' एवढंच म्हणत होते, चढ चढताना धाप लागायची ती वयावर ढकलत होते. आकडा घेऊन डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनी लगेच सोनोग्राफी आणि रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन नऊच्या खाली, गर्भाशयात एक गाठ. औषधं, लोहाच्या गोळ्या, आणि आता खूप बरं आहे. तूही पहिले काही महिने किती भरतो ते वहीत लिहून ठेव. तासा-दोन तासाला भरत असेल तर वाट बघू नकोस.

2024 च्या लोकसभेला 19 एप्रिलला आमच्याकडे मतदान होतं. निवडणूक ड्युटी म्हणजे आदल्या दिवशीच यंत्रं घेऊन गावात मुक्काम, पहाटे मॉक पोल (चाचणी मतदान), मग सकाळी सात ते संध्याकाळी सहा खुर्चीवरून उठायची सोय नाही, आणि वर एप्रिलचं ऊन. पाळीचा दुसरा दिवस होता. पूर्वी अशा ड्युटीला मी पाणीच प्यायचे नाही, आणि ओल्या पॅडने मांड्या सोलून निघायच्या. त्या दिवशी पहाटे पाचला आणि दुपारी एकदा, असा दोनदाच कप रिकामा केला आणि दिवसभर पोटभर पाणी प्यायले. हे तुला सांगावंसं वाटलं, कारण स्पर्धा परीक्षेचे पेपर तुलाही असेच तासन्‌तास द्यायचे आहेत.

कुणी वापरू नये, तेही सांगते. तांबी बसवलेली असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं, कप ओढताना ती सरकू शकते. बाळंतपणानंतर सहा आठवडे नाही. खाज, दुर्गंधी किंवा जळजळ असेल तर ती बरी होईपर्यंत नाही. कप आत असताना एकदम जोराचा ताप, उलट्या, अंगावर पुरळ, चक्कर असं झालं तर कप काढ आणि ताबडतोब दवाखान्यात जा. ही टॉक्सिक शॉक सिंड्रोमची लक्षणं असू शकतात. जिवाणूंच्या विषामुळे होणारा हा फार क्वचित पण जिवावर बेतणारा प्रकार आहे. आणि बोट घालतानाही दरवेळी खूप दुखत असेल, अंग आपोआप आवळत असेल, तर स्वतःवर जबरदस्ती करू नकोस. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखव, त्यावर उपचार आहेत. तोपर्यंत पॅड किंवा स्वच्छ, उन्हात वाळवलेलं सुती कापड वापर, त्यात काहीच कमीपणा नाही.

दांडी टोचते म्हणालीस, तर ती कापता येते. कप बाहेर असतानाच कापायची, आणि एकदम नाही, थोडी थोडी, दर वेळी लावून बघत. काढायला हात सरावेपर्यंत मात्र थांब, सुरुवातीला तळ शोधायला तिचाच आधार असतो. आणि कापलेल्या टोकाला धार राहिली तर नेल फायलरने घासून घे.