पाणकणीस तेच, मग दर वेळी नवीन काय बघायचं?

प्रश्न : नमस्कार. या वर्षी आम्ही घरच्यांनी ठरवलं की एकच झाड धरायचं आणि वर्षभर त्याच्याकडे जात राहायचं. जवळच्या तळ्याकाठी पाणकणसाचं, म्हणजे गवतासारख्या लांब पानांच्या आणि तपकिरी कणसांच्या झाडाचं, मोठं बेट आहे म्हणून तेच निवडलं. मुलगी दहाची, मुलगा सहाचा. पहिल्यांदा दोघांनी हौसेनं चित्रं काढली, पण तिसऱ्या वेळी मुलगा म्हणाला, आई हे तर मागच्यासारखंच आहे, आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. आमचं काय बघायचं राहून जातंय? आणि एखादं कणीस घरी आणलं तर चालेल का?

उत्तर : तुमच्या मुलाचं काही चुकलेलं नाही. काठावरून अख्ख्या बेटाकडे बघितलं तर महिनोन्महिने ते हिरवंच दिसतं, मोठ्यांनाही. म्हणून बेट सोडा, एक पान पकडा. नवीन फुटलेलं, काठावरून हात पोचेल असं पान बघा आणि ते जिथे बाकीच्या पानांपासून सुटं होतं त्याच्या जरा वर न पुसणाऱ्या मार्करने ठिपका द्या, ठिपक्यापासून शेंड्यापर्यंत दोरा लावून मोजा आणि तेवढा दोरा तोडून वहीत चिकटवा. मग मुलांना विचारा, पुढच्या वेळी हा ठिपका कुठे असेल? तिथेच, असं उत्तर येण्याची शक्यता जास्त, कारण झाड शेंड्याकडून वाढतं असं आपण धरूनच चालतो. पंधरा दिवसांनी जा. पान वाढतं असेल तर ठिपका वर सरकलेला असतो आणि ठिपका ते शेंडा अंतर मात्र दोऱ्याइतकंच! हे पान गवतासारखं बुडातून वाढतं, वरचा भाग नुसता वर ढकलला जातो. हे मुलांना आधी सांगू नका प्लीज, दोऱ्यालाच सांगू दे.

फुलोरा यायला लागला की मात्र दर आठवड्याला जायला हवं, तो काळ पटकन निसटतो. आपण ज्याला कणीस म्हणतो ते तपकिरी नंतरचं, आधी ते हिरवं असतं आणि त्याचे दोन भाग असतात, वर नर फुलं, खाली मादी फुलं. वरचा भाग पिवळसर झाला की खाली काळा कागद धरून हलकेच टिचकी मारा, कागदावर पिवळी पूड पडेल, ते परागकण. पराग वाऱ्यावर जातात म्हणून या फुलांना रंगीत पाकळ्या नाहीत. पुढे नर फुलं झडून जातात आणि तपकिरी कणसाच्या डोक्यावर नुसती एक बारीक काडी उरते, मुलीला विचारा की इथे आधी कोण होतं. दोन्ही भाग एकमेकांना चिकटलेले आहेत की मधे मोकळा दांडा आहे हेही वहीत काढून ठेवा, जात ओळखायला त्याची मदत होते.

सगळं वाळलं की जाणं बंद करतात बरेच जण, तसं करू नका. एक वाळकं पान आडवं कापून बघा (ब्लेड तुमच्या हातात), आत बारीक बारीक कप्पे दिसतील, पोकळ, ओळीने. असाच कापलेला तुकडा पाण्यात बुडवून दाबला की बुडबुडे येतात. चिखलात हवा जवळजवळ नसतेच, आणि तिथे पसरलेल्या आडव्या खोडाला ती या कप्प्यांतून मिळते, अगदी मेलेल्या उभ्या दांड्यांतूनसुद्धा. पाण्याखाली दांडे कापले तर ते खोड गुदमरून मरू शकतं, म्हणून वाळलेलं म्हणून मोडत सुटू नये.

आता कणसाचं. जागा संरक्षित असेल तर काहीच तोडायचं नाही. नसेल तर एक पुरे, कागदी पिशवीत ठेवा, कारण पिकलेलं कणीस घरात कधीही फुटतं, एकेका कणसात लाखाहून जास्त बिया असू शकतात आणि त्यांना लागलेल्या बारीक केसांचा कापूस डोळ्यानाकात जातो. कधी कधी एखादं कणीस पिकूनही उडत नाही, आत एका पतंगाच्या अळ्या राहतात आणि त्यांनी रेशमाने कापूस बांधून ठेवलेला असतो, तसं दिसलं तर ते तिथेच राहू द्या.

कोवळे कोंब चावून बघू देऊ नका, पाण्याकाठच्या काही विषारी झाडांची पानं अशीच दिसतात आणि घाण पाण्यातलं बरंच काही पाणकणीस स्वतःत ओढून घेतं. काठाशी सहा वर्षांच्या मुलाचा हात धरलेलाच असू दे.

कापसाची चिमूट वाटीभर पाण्यावर टाका. केस तरंगत राहतात, पण इवलंसं फळ भिजून उकलतं आणि बी सुटून तळाशी जातं, भिंगातून छान दिसतं. उरलेली चिमूट काचेच्या बरणीत ओल्या चिखलावर पसरून उजेडात ठेवा, ऊब मिळाली तर केसाएवढे हिरवे कोंब येतील, त्यातल्या एकाची उंची मुलालाच मोजू दे.