पुण्यात पॅकर्स-मूव्हर्सचा धंदा आहे, सोशल मीडियावरून गिऱ्हाईक कसं मिळवायचं?
रोज ‘शुभ सकाळ’ टाकून कुणी टेम्पो बुक करत नाही. लोकांना धास्ती असते ती सामान भरल्यावर भाव वाढवणाऱ्यांची. म्हणून काय-काय धरून किती दर, हे पोस्टमध्ये उघड लिहा, सोबत जीएसटी नंबर. काचेचं कपाट बबल रॅप करून, वर पुठ्ठा बांधून अरुंद जिन्यातून कसं उतरवता, याचं ३० सेकंदांचं रील करा (सामानाच्या मालकाला विचारून, पत्ता न दाखवता). जाहिरातीचे पैसे मे-जूनसाठी राखा, तेव्हा शाळांच्या सुट्टीत बरेच जण घरं बदलतात. परिसर हिंजवडी, वाकड, खराडी एवढाच निवडा.

खरी कामं मात्र गूगल मॅप्सवरच्या रिव्ह्यूंमुळे येतात. शेवटचा खोका उतरला की लगेच मागा. बदल्यात सूट देऊ नका, गूगलच्या नियमात ते बसत नाही.