हर्णैच्या खारट पाण्याचा हिशेब

दापोली

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

हर्णै बंदरावरची तुझी फाइल पाहिली. दोन पेल्यांपैकी खारट कुठला, ही चाचणी छान बेतली आहेस. पण मिठाची मात्रा वाढेल तशी बरोबर उत्तरं किती वाढतात, याची सगळ्यांची उत्तरं एकत्र करून एकच वक्ररेषा काढलीस, तिथे घात झाला. कुणाला कणभर मीठही जाणवतं, कुणाला बरंच घातल्याशिवाय कळत नाही. एकेकाची रेषा पाहशील तर आपापल्या उंबरठ्यापाशी, म्हणजे ज्या मात्रेला खारटपणा कळू लागतो तिथे, ती चांगली उभी चढते. उंबरठे मात्र वेगवेगळ्या जागी आहेत, म्हणून सरासरीची रेषा पसरट निघते. ती पाहून आपण लिहून मोकळे होतो की इथल्या लोकांची जीभ बोथट. तशी जीभ असलेला एकही माणूस कदाचित बंदरावर सापडायचा नाही!

मग प्रत्येकाची रेषा सुटी काढावी, तर ज्याने चार घोट घेऊन पळ काढला त्याचा उंबरठा भलतीकडेच जातो. माणूस आणि गट दोन्हींचा एकदम हिशेब धरणारं बहुस्तरीय मॉडेल यातून वाट काढतं. ज्याची उत्तरं थोडी, त्याचा अंदाज गटाच्या सरासरीकडे जास्त ओढला जातो. ज्याची भरपूर, तो बहुतेक आपल्या जागी राहतो. ‘आर’ या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत त्यासाठी एलएमई-फोर (lme4) नावाचं पॅकेज आहे, फुकट आहे. पण त्यातलं नेहमीचं लॉजिस्टिक मॉडेल, म्हणजे हो-नाही उत्तरांना इंग्रजी एस-सारखी रेषा बसवणारं, जसंच्या तसं वापरू नकोस. ते धरून चालतं की रेषा शून्यापासून निघते. तुझ्याकडे पेले दोन, म्हणजे नुसत्या अंदाजानेही निम्मी उत्तरं बरोबर येणार. स्टॅन (Stan) या दुसऱ्या प्रणालीत आपलं मॉडेल आपणच लिहायचं असतं, तिथे रेषेचा तळ ०.५ वर बांधता येतो. शिकायला जड आहे, तरी मी तेच घेईन.

वरचं टोकही १ वर खिळवू नकोस. लिलाव आटोपून दमलेला माणूस ढळढळीत खारट पेलाही चुकतो. त्या चुकीला मॉडेलमध्ये जागा नसेल, तर तेवढ्या एका उत्तरापायी उंबरठा आणि चढ दोन्ही सरकतात. विखमान आणि हिल या संशोधकांनी २००१ साली हे नीट मांडलं आहे. असं चुकण्याचा दर लहान ठेव, पण शून्य नको.

आता पुन्हा बंदरावर धावू नकोस. आधी संगणकावर खोटी माणसं तयार कर, त्यांचे उंबरठे तूच ठरव, आणि मॉडेल ते परत काढून देतं का बघ. मला सरासऱ्या पाठवू नकोस. माणूस, मात्रा, उत्तर, कितवा घोट, अशी कच्ची फाइल पाठव.

तुझा,
काका