आधी उतरायला शीक

प्रिय,

मेसेज वाचला, व्हिडिओही पाहिला. छत्तीस इंचांच्या पेटीवर चढलीस, मैत्रिणींनी टाळ्या पिटल्या, आणि तरी विचारतेस, "सर, खो मिळाल्यावर मी मागेच का राहते?"

व्हिडिओ मध्येच थांबवून बघ. कंबर जेमतेम वीतभर उचलली गेलीये. बाकी सगळी करामत गुडघे छातीशी घेण्याची. माप हवं असेल तर बोटाला खडू लाव, भिंतीशी उभी राहून हात पोचतो तिथे खूण कर, मग उडी मारून दुसरी. त्या दोन खुणांतलं अंतर, तेवढीच तुझी उडी.

मला उतरणं दाखव. तुझा डावा गुडघा आत पडतोय, टाच दणकन आपटतेय. मुलींच्या गुडघ्याचा लिगामेंट मुलांपेक्षा जास्त तुटतो, आणि बरेचदा कुणाचा धक्काही लागलेला नसतो. नुसतं उतरताना, वळताना. फूटभर पायरीवरून खाली ये, थांब, तीन आकडे मोज. आवाज आला तर ती उडी धरायची नाही. आधी उतरायला शीक!

सोव्हिएत प्रशिक्षक युरी वेर्खोशान्स्की यांनी १९६०च्या दशकात उंचावरून उतरून तत्क्षणी उसळायची पद्धत बसवली, ती वजनं मारून पाय मुरलेल्या खेळाडूंसाठी. त्यांच्याही उड्या एका सत्रात चाळीसच्या आसपास. आपल्याकडे शाळकरी पोरांना पाठोपाठ शंभर! घाम आला म्हणजे सराव झाला, या समजाशी मी आयुष्यभर भांडलो. पालक म्हणायचे, सर पोरांना नुसतं उतरायला लावतात. काहींनी पोरं दुसरीकडे नेली. नेऊ देत. त्यातल्या एकीच्या गुडघ्याचं पुढे ऑपरेशन झालं. तिच्या आईशी तेव्हाच कडक बोलायला हवं होतं, हे मात्र अजून सलतं.

पाय टेकतो तेव्हा स्नायू आणि त्यांना हाडाशी बांधणारे कंडरा ताणले जातात. साधारण पाव सेकंदाच्या आत उसळलीस तर तो ताण कामी येतो. रेंगाळलीस तर वाया. दमलेला पाय रेंगाळतोच. म्हणून पाच उड्या, मग दीड-दोन मिनिटं स्वस्थ. आठवड्यातून दोनदा, मध्ये दोन दिवस मोकळे.

आणि तुझं खरं दुखणं वेगळंच आहे. चौकोनात तू स्थिर बसलेली असतेस, तिथे आधीचा ताण कुठून येणार? बसल्या जागेवरून, झोका न घेता, एकदम उठून झेप घ्यायचा सराव कर. उसळीचा उपयोग खांबाशी वळताना.

हे सगळं उतरणं जमल्यावर. किती वेळा सांगू?

नडगी दुखते म्हणालीस, तेव्हा हा आठवडा उड्या बंद, आणि पुढे सिमेंटवर एकही नको. मैदानात माती आहे ना? पुढच्या रविवारी पायरीवरून उतरतानाचा व्हिडिओ पाठव. समोरून काढ, दोन्ही गुडघे दिसले पाहिजेत. पेटी आणू नकोस.

तुझा,
सर