वाचक विचारतात: सिल्व्हरस्टोनचे फुटके टायर

प्रश्न: सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकवर झालेल्या २०२०च्या ब्रिटिश ग्रां प्री या फॉर्म्युला वन शर्यतीत बोटास, साइन्झ आणि हॅमिल्टन, तिघाही चालकांचा पुढचा डावा टायर शेवटच्या तीन फेऱ्यांतच का गेला? आणि व्हर्स्टॅपेनने पिटमध्ये (टायर बदलण्याच्या जागी) येऊन जिंकता येणारी शर्यत घालवली का?

उत्तर: १२व्या फेरीत क्वियाटची गाडी आदळली, सेफ्टी कार (सगळ्यांचा वेग कमी ठेवणारी गाडी) आली आणि आघाडीच्या गाड्यांनी तेव्हाच हार्ड, म्हणजे कडक रबराचे टिकाऊ टायर चढवले. शर्यत ५२ फेऱ्यांची, म्हणजे एकाच संचावर जवळपास ४० फेऱ्या. सिल्व्हरस्टोनची वेगवान वळणं बहुतेक उजवीकडची. सगळा भार पुढच्या डाव्या टायरवर. ट्रेड, म्हणजे रस्त्याला टेकणारा रबराचा थर, झिजून पातळ झाला की आतल्या सांगाड्याला आधार उरत नाही.

आता व्हर्स्टॅपेन. हॅमिल्टन तीन चाकांवर रखडत जिंकला, अंतर जेमतेम ५.८ सेकंद. पिट थांब्याला २० सेकंदांच्या आसपास जातात, त्यामुळे कागदावर तुमचं बरोबर. पण बोटासचा टायर नुकताच गेला होता, आणि व्हर्स्टॅपेनच्या काढलेल्या टायरवरही बारीक काप सापडल्याचं त्याच्या रेड बुल संघाचे तेव्हाचे प्रमुख हॉर्नर यांनी सांगितलं. आमच्या मते निर्णय योग्यच होता. पुढच्या आठवड्यात तिथेच झालेल्या शर्यतीसाठी टायर पुरवणाऱ्या पिरेलीने टायरमधला किमान हवेचा दाब वाढवला. ती शर्यत व्हर्स्टॅपेनने हार्ड टायरवर सुरुवात करून जिंकली.