कार न सोडता पेट्रोलचा खर्च कमी करता येतो का?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसला कारशिवाय पर्याय नाही, गाडी बदलायची नाही आणि पेट्रोलचं बिल मात्र झेपत नाही. दोन वर्षांपूर्वी माझीही हीच रड होती. धायरी ते हिंजवडी, जाऊन-येऊन ४४ किलोमीटर, जुनी पेट्रोल वॅगनआर.

आधी मोजा. ऑटो-कट होईपर्यंत टाकी फुल्ल करायची, ट्रिप मीटर शून्यावर आणायचं, पुढच्या वेळी त्याच पंपावर परत फुल्ल. चाललेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर. माझे आले ४०२ किलोमीटर आणि २८.६ लिटर. म्हणजे चौदा! आणि मी सोसायटीत सगळ्यांना छातीठोकपणे अठरा सांगत होतो.

मग हवा तपासली. पंक्चरवाल्याकडे गेलं की तो विचारतो, "किती मारू?" आणि आपण म्हणतो, "मार तीस." किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकरवर छापलेलं असतं. माझ्या गाडीला ३३ होतं. त्याने गेज लावलं तर मागच्या डाव्या टायरमध्ये २३! महिन्यापूर्वी तर भरली होती, म्हणून मी हुज्जत घालायला लागलो, तेवढ्यात त्याने व्हॉल्व्हवर थुंकी लावून बुडबुडा दाखवला. वीस-तीस रुपयांचा व्हॉल्व्ह. आता दर पंधरा दिवसांनी, सकाळी टायर थंड असताना तपासतो.

आता न्यूट्रलचं. उतारावर गाडी न्यूट्रल केली की पेट्रोल वाचतं, हे आपल्याकडे बापाकडून मुलाकडे आलेलं ज्ञान आहे. कार्बोरेटरच्या काळात ते निदान पेट्रोलपुरतं तरी खरं होतं. फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे आजकालच्या, गाडीत उलटं होतं. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला, की इंजेक्टर पेट्रोल सोडणंच थांबवतात, इंजिनाला चाकंच फिरवत ठेवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून पेट्रोल जळतच राहतं. शिवाय गिअरचा अडसर गेल्याने सगळा भार ब्रेकवर येतो. मी साताऱ्याहून येताना कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरतो. त्या उतारावर ब्रेक तापून सुटलेल्या ट्रकांनी काय केलंय ते पुणेकरांना सांगायला नको. तिसरा गिअर, पाय वर, बस.

हाच नियम सिग्नललाही लावा. लांबून लाल दिसला की तेव्हाच पाय काढा. धावत जाऊन ब्रेक मारणं म्हणजे नुकतंच जाळलेलं पेट्रोल ब्रेकपॅडवर घासून टाकणं. मोठा सिग्नल असेल तर इंजिन बंद. हायवेला मी ऐंशीच्या वर जात नाही, मागचे हॉर्न मारतात, मारू देत.

पण माझ्या बाबतीत सगळ्यात जास्त फरक पडला घड्याळाने. पावणेनऊला निघून भूमकर चौकात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरपटत बसायचो. आता सात चाळीसला निघतो. डबा आदल्या रात्रीच भरावा लागतो, ही त्याची किंमत.

एवढ्यावर सरासरी साडेसोळावर आली. महिन्याला साधारण १,०५० किलोमीटर धरले तर ७५ लिटरचे ६४ झाले. लिटरला १०४ रुपये धरा, म्हणजे अकराशे-साडेअकराशे वाचले. त्यानंतर वारज्याच्या एका सहकाऱ्याशी ठरवलं, एक आठवडा माझी गाडी, एक आठवडा त्याची. पैशाची देवाणघेवाण नाही, म्हणून कुरबूरही नाही. बिल थेट निम्म्याच्या आसपास आलं. त्याला रेडिओवर जुनी नाट्यगीतं लागतात, ते सोसतो.

सीएनजी किटचं म्हणाल तर आधी हिशोब करा. मला ६० हजार सांगितले होते. पेट्रोलवर किलोमीटरला सव्वासहा-साडेसहा रुपये, सीएनजी किलोला ९० आणि सरासरी बावीस धरली तर चार रुपये दहा पैसे. म्हणजे पैसे फिटायला महिन्याच्या १,०५० किलोमीटरच्या हिशोबाने सव्वादोन वर्षं. शिवाय डिकी जाते, पंपावर रांग, आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी. रोजचे ऐंशी-नव्वद किलोमीटर असतील तर डोळे मिटून बसवा. मी नाही बसवलं.

१०० रुपयांऐवजी ११० रुपयांचं पेट्रोल भरणं, पहाटे थंड असताना भरणं, असल्या युक्त्यांच्या नादी लागू नका. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. हां, सावंतवाडीकडचे असाल आणि तसंही गोव्यात जाणं होत असेल, तर तिकडे भरा. तिथे लिटरमागे चांगले काही रुपये वाचतात. मुद्दाम जाऊ नका.

दोन टाक्यांचे आकडे आणि रोजचं अंतर इथेच प्रतिसादात टाका, तुमचा सीएनजीचा हिशोब मी मांडून देतो.