वाचक विचारतात : देवडीलगतच्या भिंतीला पोट आलंय, पाडायची का?

प्रश्न : आमच्या वाड्याच्या देवडीला (पहारेकऱ्यांच्या ओट्यांच्या प्रवेशवाटेला) लागून काळ्या दगडाची जुनी आवारभिंत आहे. मागे गवंड्याने सिमेंटने दर्जा (दगडांमधल्या सांधी) भरून दिल्या. आता रस्त्याच्या बाजूला छातीइतक्या उंचीवर पोट आलंय. पाडून नवी बांधावी का?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : सगळी पाडू नका. अशी भिंत म्हणजे बाहेर दोन दगडी तोंडं आणि मध्ये माती-खडीची भरती. पाणी माथ्यावरून भरतीत उतरतं. काळा दगड पाणी फारसं पीत नाही, त्यामुळे आतल्या ओलीला बाहेर पडायची वाट दर्जांतूनच. चुना ती ओल बाहेर सोडतो, सिमेंटने वाट बुजते. ओली भरती खाली बसते आणि तोंडं बाहेर रेटते. दोन्ही तोंडं बांधणारे आरपार दगड कमी असतील तर पोट लवकर येतं.

आधी ओळंबा सोडून फुगवटा मोजा. तडा असेल तर त्यावर काचेची पट्टी प्लास्टरने आडवी चिकटवा. ती फुटली म्हणजे भिंत अजून सरकते आहे. काळ्या मातीत पाया पावसाळ्यात उचलतो, उन्हाळ्यात बसतो, म्हणून दोन्ही ऋतू पाहावे लागतात. पण फुगवटा वाढत असेल तर वाट पाहू नका. टेकू द्या, इंजिनिअरला दाखवा, तेवढाच भाग दगडांवर नंबर टाकून उतरवा आणि पुन्हा रचा. रचताना दर दोन फूट उंचीला, पाच-पाच फुटांवर एक आरपार दगड घाला.

सिमेंट छिन्नीने काढा. ग्राइंडर लावला की दगडाच्या कडा कापल्या जातात आणि त्या पुन्हा येत नाहीत. दर्ज जितकी रुंद, त्याच्या किमान दुप्पट खोल मोकळी करून धुवा. कळीचा चुना पाण्यात टाकून विरवा (चुन्यावर पाणी ओतू नका, उसळतो, डोळ्यांना चष्मा हवाच), किमान पंधरा दिवस पाण्याखाली ठेवून गाळा. एक भाग चुना, एक भाग विटेची सुरखी (भुकटी), दोन भाग धुतलेली वाळू. ओल्या दर्जेत दाबून भरा आणि आठवडाभर ओलं गोणपाट लावा. दसरा ते संक्रांत हा काळ उत्तम. मे महिन्याच्या उन्हात चुना वाळतो पण धरत नाही.

माथ्याला चुन्याच्या काँक्रीटचा दुतर्फा उतार द्या, दोन इंच बाहेर काढून. हे करायचं राहिलं तर बाकी सगळी मेहनत वाया. पिंपळाचं रोप उपटू नका, दगड सुटतात. बुंधा कापून मुळं मारा. डांबराचे थर चढून रस्ता भिंतीच्या पायथ्याहून उंच झाला असेल तर पाणी भिंतीकडे वळतं, तिथे चर हवाच.

प्रश्न : व्हिक्टोरियन काळातल्या इंग्रजी बंगल्यांच्या फाटकाशी छोटं घर दिसतं. ती देवडीच का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : काम तेच, रचना वेगळी. ते गेट लॉज फाटकाशेजारी सुटं उभं असतं, राखणदाराचं कुटुंब तिथे राहायचं. पुढे आलेल्या खिडकीतून रस्ता दोन्ही बाजूंनी दिसे. मुख्य घराची शैली छोट्या मापात तिथेही असे. ब्रिटनमध्ये विटांवरचा कर १८५० मध्ये आणि खिडक्यांवरचा १८५१ मध्ये उठला, तेव्हा अशी बांधकामं सोपी झाली.

देवडी मात्र भिंतीतच असते : छताखालून वाट, दोन्हीकडे पहारेकऱ्यांचे ओटे, मोठ्या दरवाजात दिंडी म्हणजे छोटं दार. दुरुस्ती करताना चौकटीमागचं अडण्याचं (दरवाजा आतून अडवायच्या लाकडी दांड्याचं) भोक उंदराचं बीळ समजून बुजवतात. ते मोकळं ठेवा. त्यातून अडणा भिंतीच्या पोटात सरकतो.